अंगावरची दारू

कांदा काढणीचा चौथा दिवस होता. बायका ओळीनं बसून विळ्यानं पाती छाटत होत्या. हात चालतात तिथं तोंडं चालायचीच. कुणाची सून कशी अन् कुणाची म्हैस कशी, सगळा निवाडा तिथंच बसल्या बसल्या होत होता. ऊन असं की ढेकूळ हातात धरवत नव्हतं. तेवढ्यात मधल्या वाफ्यात पोती भरणारा धाकटा ताठ उभा राहिला आणि समोरच्या मोकळ्या रानाकडं बघून हात जोडून ओरडला, “नाही म्हणतो ना! मी नाही केलं ते! पंचांनी आधी माझं ऐकून तरी घ्यावं!”

समोर पंच नव्हते. साधं बुजगावणंसुद्धा नव्हतं.

बायकांचे विळे थांबले, पण त्याआधीच त्याच्या वहिनीचा हात कमरेला गेला होता. चार ढांगांत तिनं वाफा ओलांडला. कमरेला खोचलेली, दारू भरलेली खोकल्याच्या औषधाची छोटी बाटली काढून बायकांकडं पाठ केली आणि त्याच्या शर्टावर दोन शिंतोडे मारले. मग त्याचा दंड धरून मोठ्यानं म्हणाली, “भरदिवसा ढोसून आलात होय भाऊजी? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!”

वास वाऱ्यावर गेला. बायकांनी नाकाला पदर लावले आणि हसल्या.

“आज लवकरच चढली गं!”

“पंच दिसायला लागलेत म्हणजे हातभट्टीचीच असणार. बाटलीबंदला एखादाच दिसतो.”

विळे पुन्हा चालू झाले. दारुडा म्हटलं की गाव निवांत होतं. गावात पिणारे डझनभर होते, त्यांच्या घरच्या सोयरिकी जमत होत्या, त्यांना उसनं बी-बियाणं मिळत होतं. दारू ज्याची त्याच्या पोटात जाते. वेड मात्र, लोक म्हणतात, रक्तात असतं. एकाला लागलं की सगळ्या घराण्याला बट्टा. आणि या घरात लग्नाची नणंद होती, बारकी. बियाण्यांच्या दुकानवाल्याच्या भाच्याशी तिचं ठरत आलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती झाकायचं काम वहिनीच्या बाटलीकडं.

ही वहिनी लग्न होऊन आली तेव्हा धाकटा आठ वर्षांचा होता. सासू अंथरुणाला खिळलेली. त्याच्या डोक्यातल्या उवा हिनं काढल्या, शाळेची चड्डी हिनं शिवली. तो तिला अगं-तुगं करायचा, ती मात्र त्या एवढ्याशा पोरालाही पहिल्यापासून ‘भाऊजी’ म्हणायची. मोठा होऊन तो पंप दुरुस्त करायला लागला. विहिरीत उतरून, नुसता कान लावून मोटारीचं दुखणं सांगायचा. तीन वर्षांपूर्वी त्या कानात दुसरंच काही ऐकू यायला लागलं. पाच माणसं बसलेली असतात आणि त्याचा निवाडा करत असतात. तो त्यांना पंच म्हणायचा. गुन्हा कोणता ते पंच सांगत नव्हते, शिक्षा तेवढी सांगायचे.

बारकीला बघायला पहिले पाहुणे आले त्या दिवशी तो मागच्या खोलीत पंचांशी भांडत होता. पुढं पाहुणे आणि मागं आरडाओरडा. वहिनीनं नवऱ्याची बाटली काढली, पितळी पेला भरला आणि म्हणाली, “औषध आहे भाऊजी, प्या.”

अर्ध्या घटकेत तो शांत झाला. डोळे मिटून म्हणाला, “वहिनी, उठले गं पंच. बरं वाटलं.”

तिला वाटलं, औषध सापडलं. असं औषध वैऱ्याच्याही घरात सापडू नये. आधी पाहुणे येतील तेव्हा, मग रोज संध्याकाळी, मग तोच मागायला लागला, मग मागायचंही सोडून दिलं आणि गुत्त्यावर जाऊन बसू लागला. उंदरासाठी मांजर आणावं, मांजरानं सगळं दूध संपवावं आणि उंदीर तिथल्या तिथंच राहावेत, तशी गत झाली. आता घरात दारूही होती आणि पंचही होते. प्यायला की पंच गप्प, उतरली की दुप्पट. कोण कुणामुळं आलं हे सांगणारं कुणी नव्हतं. ते फक्त वहिनीला माहीत होतं, आणि ती रोज भाकरी थापताना ते आठवायची.

कांद्याच्या त्या दिवशी संध्याकाळी त्यानं गोठ्यातल्या दगडी दावणीवर कपाळ आपटून घेतलं. रक्त डोळ्यांत उतरलं तरी थांबेना. पंचांनी शंभर टोले सांगितले होते म्हणे, आणि बावन्न झाले होते.

थोरल्यानं, वहिनीच्या नवऱ्यानं, बैलाची साखळी काढली. “गोठ्यातच बांधून घालतो. लग्न होईपर्यंत.”

“माणूस आहे तो,” वहिनी म्हणाली.

“बारकीपण माणूसच आहे ना?”

“मी दवाखाना बघते.”

थोरल्यानं साखळी दावणीवर टाकली. वाईट नव्हता तो. पण ज्याच्या घरात असं असतं तो हळूहळू होतोच. “बघ,” तो म्हणाला. “दारूचा बघ. वेड्यांचा नको.”

बाजाराच्या गावी गोदामामागं दारू सोडवायचं केंद्र होतं. चालवणारे गुरुजी स्वतः अकरा वर्षं कोरडे होते आणि ते अकरा वर्षं दर माणसाला सांगत होते. त्यांनी धाकट्याला ठेवून घेतलं. नवव्या दिवशी निरोप आला, घेऊन जा.

“बाई, दारूचं काय ते माझ्याकडं,” गुरुजी म्हणाले. “पण हा न पिताच बडबडतो. भिंतीला उत्तरं देतो. माझी बाकीची माणसं म्हणतात, न पिता असं होत असेल तर गुरुजी, आम्ही पितो. काय सांगू त्यांना?”

“मग काय करू?”

“आधी डोकं दुरुस्त करून आणा. मग दारू आम्ही सोडवू.”

सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर एक आड एक मंगळवारी यायचे. अकरा नंबरची खोली. केंद्रातून आल्यावर तो पुन्हा गुत्त्यावर बसू लागला होता, तरी ती त्याला घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते, बाहेर साठ माणसं बसली होती.

“शेवटची कधी घेतली?”

“काल सांजच्याला.” ती खोटं बोलली नाही.

“मग मला काय कळणार, बाई? हा दारूनं बोलतोय की आजारानं? पंधरा दिवस थेंब नको. मग आणा.”

“पण केंद्रातले म्हणतात, आधी डोकं…”

“त्यांचं मला सांगू नका. पुढचा!”

एका दारावर लिहिलेलं, आधी डोकं. दुसऱ्यावर, आधी दारू. मधल्या ओट्यावर ही दोघं बसली. धाकटा म्हणाला, “वहिनी, पंच हसतायत गं.” तिलाही हसू येईल की काय असं वाटलं, पण आलं रडू.

तिनं पंधरा दिवस धरले. गोठ्याशेजारची पंपाची खोली रिकामी केली, तिथं त्याला ठेवलं आणि दाराबाहेर स्वतः बसली. तिसऱ्या दिवशी त्याला झटका आला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं तर तिथली नर्स हिच्यावरच खेकसली, “रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडत असतात का? जीव जाईल. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

“डॉक्टरांनी थेंब नको एवढंच सांगितलं.”

“आता मी सांगतेय.”

चार दिवस सलाईन आणि सुया झाल्या. तेवढ्यात वहिनीनं सतरा जणांना विचारलं, आता आणलाच आहे, पोटात थेंब नाही, तर त्या मनाच्या डॉक्टरांना दाखवा की. ते मंगळवारी येतात, सगळ्यांनी सांगितलं. कोणत्या मंगळवारी? पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या. आणि वॉर्डात जागा नव्हती, तेव्हा माणूस घरी न्या.

घरी आल्यावर गावानं खेळ मांडला. दारुडा किती दिवस टिकतो यावर पारावर पैजा लागल्या. गुत्तेवाल्याच्या मेव्हण्यानं दुपारी पंपाच्या खोलीच्या खिडकीत भरलेली बाटली ठेवली आणि पाचसात जण बांधाआड लपून बघत बसले. धाकट्यानं बाटली उचलली, हुंगली. पंचांचं काय चाललं होतं ते त्यालाच ठाऊक. मग त्यानं ती खिडकीबाहेर उपडी केली. शेवटच्या थेंबापर्यंत उपडी धरून ठेवली.

“च्यायला, वाया घालवली,” बांधाआडून कुणीतरी म्हणालं. एवढीच गावानं त्याची कदर केली.

वहिनीनं मात्र ते बघितलं होतं. त्या दिवशी तिच्या मनानं घेतलं, हा माणूस वाचणार.

पंधराव्या दिवशीचा मंगळवार. त्याला आंघोळ घातली, पांढरा शर्ट घातला. बसमध्ये खिडकीशी त्याला बसवलं आणि वर बघते तर पुढच्या बाकावर बारकीच्या होणाऱ्या नवऱ्याचा मामा, बियाण्यांचा दुकानवाला.

“कुणीकडं म्हणायचं, वहिनीबाई?”

“भाऊजींची दारू सोडवायला.”

“वा वा! बरं करताय. अहो दारूचं काय एवढं? आमच्या घरातसुद्धा दोघं आहेत.” मामा मोकळेपणानं हसला. “आमच्या ताईची एकच अट आहे, डोक्यानं चांगली असावीत माणसं. तिच्या जावेच्या माहेरी एक वेडा निघाला आणि पुढं सगळं विस्कटलं.”

नेमका तेव्हाच धाकटा खिडकीकडं तोंड करून बोलायला लागला. आधी पुटपुटला, मग आवाज चढला. “पंधरा दिवस पाळले! मोजा! पंचांनी मोजावेत!”

मामाची मान वळली.

आणि हिचा हात कमरेला गेला. हात बाईचा नसतो, सवयीचा असतो. दोन वर्षं ज्या हातानं एकच काम केलं त्यानं तेच केलं. पांढऱ्या शर्टावर शिंतोडे पडले, वास उठला, मामानं नाकाला रुमाल लावला. “अरेरे, सकाळीच!” असं म्हणून तो पुन्हा निवांत पुढं बघू लागला.

वास आपल्या नाकात गेला तेव्हा तिला कळलं आपण काय केलं ते. पदर ओला करून तिनं शर्ट पुसला, त्यानं वास आणखी पसरला. दवाखान्याच्या नळावर धुऊ म्हटलं तर मामा सोबत. त्याला रक्तातली साखर दाखवायची होती आणि तिथला शिपाई त्याच्या ओळखीचा. “तुम्हाला रांगेत कशाला ताटकळत ठेवू?” म्हणून त्यानं मोठ्या मनानं दोघांना सरळ अकरा नंबरात घुसवलं आणि स्वतः दारात उभा राहिला. भलेपणाही कधी कधी असा उरावर बसतो.

डॉक्टरांनी मान वर केली आणि नाक आक्रसलं. “बाई, काय सांगितलं होतं मी?”

“साहेब, पंधरा दिवस झाले. शपथ सांगते, थेंब नाही.”

“इथपर्यंत वास येतोय!” तोंडाचा वास मोजायचं यंत्र दवाखान्यात होतं. ते कपाटात होतं, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडं तो रजेवर होता. “सगळे हेच सांगतात. जा, घरी न्या. पुढचा!”

तेव्हा धाकटा बोलला. इतका सरळ, इतका शहाण्यासारखा तो वर्षभरात बोलला नव्हता.

“मी प्यालो नाही, साहेब. वहिनी माझ्या अंगावर दारू ओतते. तिच्या कमरेला बाटली असते. लोकांत आलो की ओतते. मघाशी बसमध्येसुद्धा ओतली.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्यांनी धाकट्याकडं नीट बघितलं. “असं कधीपासून वाटतंय?”

“वाटत नाही. ओततेच.”

“कशासाठी?”

“ते मला नाही ठाऊक. पण मी शिक्षा भोगतोय तर तीही त्यातलीच असेल.”

डॉक्टर वहिनीकडं वळले. “बाई, तुम्ही याच्या अंगावर दारू ओतता?”

दारात मामा उभा. कान इकडंच. कमरेला बाटली, अर्धी रिकामी, कातडीला टोचत होती. एक ‘हो’ म्हटलं असतं तर दीर खरा ठरत होता आणि नणंद आयुष्यभर घरात बसत होती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

“नाही हो साहेब,” ती म्हणाली. “दारू कुणी अशी अंगावर ओततं का?”

धाकटा तिच्याकडं बघत राहिला. रागानं नाही. मोटार चालता चालता बंद पडावी आणि कुठं बिघडलं ते कळू नये, तेव्हा बघायचा तसं.

मामा दारातून हलला, साखर दाखवायला गेला. डॉक्टर बराच वेळ लिहीत होते. “हा नुसता पिण्याचा प्रकार नाही, बाई. घरच्या माणसांवरच संशय आहे. आजार आहे हा. दारूही आहे, पण दोन्ही एकत्रच बघावं लागेल. ठेवून घेतो.”

ज्या खाटेसाठी तिनं दोन महिने उंबरे झिजवले ती खाट खरं बोलून मिळाली नाही, खोटं बोलून मिळाली. आणि लपवायचं कशाला, तिला आनंद झाला. बाहेर येऊन मामाला म्हणाली, “दारूच्या खोलीत ठेवून घेतलं.” मामा म्हणाला, “छान झालं.” मग ती दवाखान्याच्या मागं गेली आणि बाटली उकिरड्यात फेकली.

औषधं लागू पडली, हे खोटं नाही. दोन आठवड्यांत त्याची झोप परत आली, चौथ्या आठवड्यात तो म्हणाला, “वहिनी, पंच गेले गं. दारूशिवाय गेले.” तोंडावर मांस आलं. वॉर्डातला पंखा त्यानं दुरुस्त करून दिला. डॉक्टर खरंच चांगले होते. आले की दर वेळी त्याच्याशी अर्धा तास बोलायचे. पण घरी सोडत नव्हते.

“सगळं सुधारलं, एकच खूळ राहिलंय,” डॉक्टरांनी थोरल्याला आणि वहिनीला सांगितलं. “ते अंगावर दारू ओतल्याचं. तेवढं जात नाही. गोळी दोनदा वाढवली. ते घेऊन घरी गेला तर उद्या तुमच्याच जिवावर उठेल.”

गोळी वाढवल्यानं त्याची जीभ जड झाली होती, लाळ गळत होती. पंप खोलणारी बोटं शर्टाचं बटण लावताना चुकत होती.

डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं. “वहिनी आल्यात. त्यांनाच विचार.”

धाकट्यानं तिचा हात धरला. “वहिनी, तू सांग ना गं. ओतली होतीस ना?”

लग्न आठ दिवसांवर आलं होतं. शेजारी थोरला, त्याची बोटं तिच्या दंडात रुतलेली. आणि आता ‘हो’ म्हटलं तर या डॉक्टरांना काय सांगायचं, की तुम्ही सहा आठवडे या माणसाच्या खऱ्या बोलण्यावर औषध देत होता?

“नाही हो भाऊजी,” ती म्हणाली. “मी कशाला ओतीन?”

त्यानं तिचा हात सोडला. मग मान हलवली. “तू म्हणतेस म्हणजे नसेल ओतली. भासच असेल.”

“शाब्बास!” डॉक्टर मनापासून म्हणाले, आणि घरी सोडायचा कागद पुढं ओढला.

बारकीचं लग्न थाटात झालं. धाकटा पांढऱ्या शर्टात कोपऱ्यात बसला, प्यायला नाही, बोलला नाही. गाव म्हणालं, सुधारला. मामा चारचौघांत म्हणाला, माणसानं मनात आणलं तर दारू सुटते.

फक्त एक नवी खोड लागली. तो प्रत्येक गोष्ट वहिनीला विचारायचा. “वहिनी, बाहेर कुणी हाक मारली का गं?” “वहिनी, या आमटीत मीठ जास्त आहे का मलाच लागतंय?” लोकांना वाटायचं, केवढा आज्ञाधारक दीर. ती उत्तर द्यायची आणि चुलीकडं वळायची.

कांद्याची रोपं लावायचे दिवस आले. दोघंच रानात होती, ती वरच्या सऱ्यांत, तो खालच्या. त्यानं हाक मारली, अगदी सावकाश, “वहिनी, माझ्या पायाशी साप आहे का गं? का मला दिसतोय?”

तिनं वळून बघितलं. त्याच्या अनवाणी पायापासून वीतभर अंतरावर हातभर लांबीचा, फणा उभारलेला. आणि हा पाय न हलवता तिच्या तोंडाकडं बघत उभा.

“आहे! खरा आहे, भाऊजी! मागं व्हा!”

“असं होय,” तो म्हणाला आणि मागं झाला. साप बांधाच्या बिळात गेला.

ती धावत आली, चिखलात तिथंच बसली आणि त्याचे पाय धरून ओक्साबोक्शी रडायला लागली. “खरा होता, भाऊजी. आणि तेही खरंच होतं. मीच ओतत होते. पहिला पेलाही मीच दिला. तुम्ही खरं बोलत होता, मी तुम्हाला खोटं पाडलं. दोनदा पाडलं.”

धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला, ती त्याच्या लहानपणी फिरवायची तसा.

“असं नको बोलूस, वहिनी. मलाही असंच वाटायचं,” तो म्हणाला. “खरंच वाटायचं बघ, वाससुद्धा यायचा. डॉक्टरांनी सांगितलंय, असं मनात आलं की घाबरायचं नाही.”

त्यानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. चुकणाऱ्या बोटांनी एक गोळी सोडवली, दातांनी तिचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा तिच्या चिखलानं भरलेल्या तळहातावर ठेवला.

“घे. पहिल्यांदा अर्धीच घ्यायची असते. मी पाणी आणतो,” असं म्हणून तो पंपाकडं चालू लागला.